जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डमधली पुठ्ठ्याची पेटी: कशाची करायची आणि कशी बसवायची

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे. आजोबांचा 1951 चा शेवरलेट ट्रक अमळनेरजवळ मळ्यातल्या शेडखाली उभा आहे. इंजिन सुरू झालं, ब्रेक झाले, आता केबिनचं काम काढलंय. क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डमध्ये जो खण आहे त्याचं पत्र्याचं झाकण धड आहे, पण आतली पुठ्ठ्याची पेटी कुजून लोंबतेय. तळाला भगदाड आहे आणि आत ठेवलेली वस्तू मागच्या वायरींमध्ये जाऊन पडते. डेंटर म्हणतो, पत्र्याची ठोकून देतो, जन्मात फाटणार नाही. भाचा म्हणतो, जळगावहून पीव्हीसीची शीट आणू. तुमचा स्वतःचा विचार अमेरिकेतून तयार पेटी मागवायचा आहे. तिघांत कोणाचं ऐकायचं?

माझं ऐकाल तर पुठ्ठ्याचीच करा आणि इथेच करा. तयार पेटी अगदीच वाईट नाही, पण तिच्यात एक मेख आहे, ती पुढे सांगतो. मात्र पुठ्ठा आणायला जाण्याआधी जुनी पेटी कुजली कशाने ते शोधा. कोरड्या केबिनमध्ये ही पेटी पन्नास-साठ वर्षं सहज टिकते. ती गेली म्हणजे कुठून तरी पाणी येतंय, नाहीतर उंदीर येतायत, आणि बहुतेक वेळा दोन्ही. ते बंद न करता नवी पेटी बसवली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच काम निघेल.

आधी पुठ्ठाच का, ते सांगतो, कारण डेंटरला पटवायला तुम्हाला ते लागेल. कंपनीने पुठ्ठा वापरला तो स्वस्त म्हणून, हे खरंच आहे. पण पुठ्ठ्याचे तीन गुण तिथे नेमके कामाला येतात. एक, त्याच्यातून वीज जात नाही. डॅशबोर्डच्या मागे त्या काळच्या सुती वेष्टनाच्या वायरी आहेत. त्यांचं वेष्टन आता बोट लावलं तरी भुसा होऊन गळतं. अशा वायरींच्या कुशीत पत्र्याचा डबा, तोही कापलेल्या धारदार कडांचा, आणि गाडीत फ्यूज मोजकेच. वायर घासली, शॉर्ट झाली की धूर थेट केबिनमध्ये. दोन, पुठ्ठा वाकतो. खणाचं तोंड लहान आणि पेटी मागे रुंदावलेली, त्यामुळे ती दाबून, मुडपून आत घालावी लागते. पत्र्याची पेटी घालायला डेंटर डॅशबोर्डची कड कापायला निघेल, आणि मूळ डॅशबोर्डला करवत लावणं म्हणजे तुम्ही घेतलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी. तीन, पुठ्ठा वाजत नाही. लळिंगच्या घाटात किंवा पळासनेरकडे चढताना पत्र्याच्या डब्यात एक पाना ठेवून बघा, डोकं उठेल. आमच्या धुळ्यातले जुने कुशनवाले हा सगळा वाद एका वाक्यात मिटवतात: ‘पुठ्ठाले पुठ्ठाच लागस, भो.’

पीव्हीसीचं म्हणाल तर जळगाव म्हणजे पाइपांचं आणि चटयांचं गाव, प्लास्टिक तिथे हाताशी आहे, म्हणून भाच्याला ते सुचणं साहजिक आहे. पण आपल्याकडचा उन्हाळा धरा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि बंद काचेची केबिन उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा पत्रा 70 च्या आसपास तापतो. कडक पीव्हीसी 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. तळ खाली बसतो, तोंडाची चौकट वेडीवाकडी होते, झाकण लागत नाही. नावाच्या पाट्या करतात ती फोमची शीट तर याहून हलकी, तिचा विचारच सोडा. शेतावर शेडमध्ये उभी राहणारी गाडी असली तरी कधीतरी मिरवणुकीला, लग्नाला ती दिवसभर उन्हात उभी राहणारच.

आता तयार पेटीची मेख. या शेवरलेट आपल्याकडे आल्या त्या बऱ्याचशा जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात जुळवलेल्या. तो कारखाना 1928 ला सुरू झाला आणि 1954 ला बंद पडला. सुटे भाग जहाजाने यायचे, गाडी मुंबईत उभी राहायची, आणि स्टिअरिंग अर्थातच उजवीकडे. म्हणजे तुमचा खण डावीकडे. अमेरिकेत जी पेटी विकतात ती त्यांच्या डावीकडच्या स्टिअरिंगसाठी, म्हणजे खण उजवीकडे. पेटी सरळ चौकोनी नसते. एक बाजू तिरपी असते, एखादा कोपरा कापलेला असतो, मागून जाणाऱ्या दांड्याला जागा सोडलेली असते. हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. दुसरं म्हणजे वर्ष. 1947 ते 1953 चा डॅशबोर्ड एक, 1954 ला तो बदलला. आणि कागदांवरचं वर्ष नोंदणीचं आहे की बनावटीचं, तेही बघून घ्या. तुमची खरोखर 1951 ची असेल तर दाराच्या काचेपुढे फिरवून उघडायची छोटी तिकोनी काच असेल आणि दाराचं हँडल खाली दाबून फिरवायचं असेल. हँडलला अंगठ्याने दाबायचं बटण असेल तर गाडी 1952 किंवा नंतरची. समोरची काच अखंड असेल, मध्ये पट्टी नसेल, तर 1954 ची धरा, आणि मग डॅशबोर्डही वेगळा. एक गोष्ट मात्र तुमच्या सोयीची आहे: या मालिकेत पिकअपची आणि मोठ्या ट्रकची केबिन एकच, त्यामुळे पिकअपसाठी म्हणून विकलेली पेटी मापाने लागू पडते. मागवायचीच असेल तर आधी खाली सांगतो तो कागदी फर्मा करा, विकणाऱ्याकडून मापं मागा, ताडून बघा. पण फर्मा एकदा हातात आला की पुठ्ठा कापायला अर्धा दिवस पुरतो, आणि मग जहाजभाडं आणि कस्टम भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कामाला लागायचं तर पहिल्यांदा पाणी. पेटी अजून जागेवर असतानाच हे करा, कारण तिच्यावरचे डागच तुम्हाला वाट दाखवतील. झाकण उघडून टॉर्चने आत बघा. डाग वरून खाली ओघळलेले असतील तर पाणी काचेकडून येतंय. मागच्या भिंतीवर खालून वर चढलेली ओल असेल तर ती बोनेटच्या बाजूने, पुढच्या पत्र्यातल्या एखाद्या उघड्या भोकातून. तुमच्या गाडीची समोरची काच दोन तुकड्यांची आहे. मधल्या पट्टीचं खालचं टोक आणि बाहेरचा खालचा कोपरा या दोन जागा आधी तपासा. काचेचं रबर पन्नास वर्षांनी दगड होतं आणि आकसतं, कोपऱ्यात फट पडते. काऊलवर, म्हणजे काचेच्या खालच्या, बोनेटमागच्या पत्र्यावर, हवेची झडप असेल तर तिच्याभोवतीचं रबर बहुधा उरलेलंच नसतं. एकाने केबिनमध्ये टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. जोर नको, नुसती धार. आधी खालून सुरू करा आणि हळूहळू वर चढा, म्हणजे कुठल्या उंचीला गळती सुरू होते ते नेमकं कळतं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही, फक्त केबिन धुतली जाते.

रबर बदलायला लागलं तर बदला. सिलिकॉन थापून वेळ मारून नेणारे भेटतील, पण त्याच्याखाली पाणी अडकून पत्रा आतून सडतो, आणि पुढे खरं रबर बसवताना ते सिलिकॉन खरवडून काढणं हा वेगळा छळ आहे. गळती बंद झाली याची खात्री पटली, केबिन दोन-चार दिवस कोरडी राहिली, की मग पेटी काढा.

काढण्याआधी बॅटरीचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल, सोडा. तुमची गाडी सहा व्होल्टची आहे. सहाच व्होल्ट म्हणून कोणी हसण्यावारी नेलं तर ऐकू नका. व्होल्ट कमी म्हणजे त्याच कामाला करंट जास्त, आणि वायर तापते ती करंटने. शेवरलेटमध्ये मायनस अर्थला असतो. तरी बॉडीला जोडलेली जाड केबल कुठल्या टोकाची आहे ते डोळ्याने बघूनच सोडा, कारण मधल्या काळात कोणी काय उलटसुलट केलं असेल याचा नेम नाही. जुन्या विलायती गाड्यांत तर बऱ्याचदा प्लसच अर्थला असतो.

तोंडावर मास्क बांधा. उंदरांची घाण सुकलेली असेल तर ती झटकायची नाही. आधी पाण्यात फिनेल घालून फवारा, भिजू द्या, मग हातमोजे घालून चिंध्यांनी पुसून घ्या. उंदरांच्या मुताने लेप्टो होतो, गंमत नाही ती. पेटीच्या मागे, इंजिनच्या बाजूच्या पत्र्यावर करडा, भुसभुशीत पॅड चिकटवलेला दिसला तर त्याला खरवडू नका. त्या काळच्या अशा पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याच्यावर हलकं पाणी मारून ठेवा, आणि काढायचाच झाला तर नीट माहिती असलेल्या माणसाकडून काढून घ्या.

पेटी खणाच्या तोंडाशी पत्र्याच्या स्क्रूंनी धरलेली असते. स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. पेचकसचं टोक खाचेत घट्ट बसणारं घ्या, कारण खाच एकदा गोल झाली की ड्रिल मारणं आलं. स्क्रू इंची मापाचे आहेत. निघाले तसे एका डबीत ठेवा आणि तेच परत लावा. बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू दाबून घुसवला तर पत्र्यातलं भोक कायमचं बिघडतं. मग पेटी अलगद चेपून तोंडातून बाहेर घ्या, किंवा तिची कड डॅशबोर्डच्या मागे अडकली असेल तर खालून हात घालून उतरवा. ओढून फाडू नका. कितीही कुजलेली असली तरी तीच तुमचा नकाशा आहे.

मागे पडलेले कागद घाईने जाळू नका. जकातीच्या पावत्या, बिल्ट्या, कधी जुना टॅक्सचा कागदही निघतो. त्यावर ‘पूर्व खानदेश’ असं छापलेलं दिसलं तर तो कागद 1960 च्या आधीचा समजा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. गाडीच्या जुन्या मालकीबद्दल आरटीओत कधी प्रश्न निघाला तर असला एखादा कागद नंबर आणि मालकाचं नाव दाखवायला उपयोगी पडतो.

पेटी निघाली की मागची बाजू पहिल्यांदाच पूर्ण दिसते. हीच वेळ वायरमनला बोलावायची. नवी पेटी लागल्यावर तिथे हात जाणार नाही. सुती वेष्टनाच्या वायरी उघड्या पडल्या असतील तर नुसती टेप गुंडाळून भागवू नका, तेवढा तुकडा बदला. सहा व्होल्टसाठी वायर जाडच घ्यायची, आजच्या बारा व्होल्टच्या मापाची घेतली तर दिवे मिणमिणतात. जुळणी नुसती पिळून टेप मारू नका, आणि वायरी नीट क्लिपांनी बांधा, म्हणजे त्या नव्या पेटीच्या पाठीला टेकणार नाहीत. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची रबरी नळीही आत्ताच बघून घ्या. तिला चीर असेल तर वायपर चढावर मरगळतो आणि इंजिनही हवा खातं.

आता फर्मा, आणि सगळं काम खरं इथे आहे. जुनी पेटी पाण्याचा हात लावून थोडी ओलसर करा, म्हणजे घडीवर तुटणार नाही. पिना एकेक करून सपाट पेचकसने उचलून काढा आणि पेटी उलगडून सपाट पसरा. दोन दिवस फळीखाली वजन ठेवून वाळू द्या. मग जाड ब्राउन पेपरवर ठेवून बाहेरची कड, घड्यांच्या रेघा, स्क्रूंची भोकं, कापलेले कोपरे, सगळं पेन्सिलने उतरवा. जिथे पुठ्ठा खाल्ला गेलाय तिथे समोरच्या बाजूवरून अंदाज घ्यायचा, पण लक्षात ठेवा की दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. डावी आणि उजवी लिहूनच ठेवा, ‘आत’ आणि ‘बाहेर’ हेही लिहा. फर्मा उलटा धरून पुठ्ठा कापला की सगळी पेटी वाया जाते, आणि हे चांगल्या चांगल्यांचं होतं.

पेटीचा नुसता भुगा उरला असेल तर माप गाडीवरून घ्यावं लागेल. खणाच्या तोंडाची रुंदी आणि उंची घ्या, दोन्ही टोकांना वेगवेगळी, कारण चौकट सरळ नसते. खोली घेताना काठी आत घालून मागे पहिली वस्तू कुठे लागते ते बघा, आणि त्याच्यातून निदान 15 ते 20 मिलिमीटर वजा करा. वायपरचे दांडे फिरवून बघा, हवेच्या झडपेची दांडी पूर्ण उघडून-मिटून बघा. हलणाऱ्या वस्तूला जागा उभी असताना नव्हे, तर तिच्या सगळ्यात लांब टोकाला लागते. पेटीचा तळ मागच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, सेंटिमीटरभर पुरे. नाहीतर झाकण उघडलं की आतलं सगळं मांडीवर येतं. कागदी फर्मा कापून, टेपने जोडून, कागदाचीच पेटी खणात एकदा बसवून बघा. कागद स्वस्त आहे. त्याच्यावरच चुका करून घ्या.

पुठ्ठा कुठला? शाळेच्या वह्यांना बाइंडिंग करतात त्या दुकानात पिवळसर स्ट्रॉ बोर्ड मिळतो, तो नको, घडीवर तडकतो. करडा, दाबून घट्ट केलेला कप्पा बोर्ड मागा, जाडी दीड मिलिमीटर, फार तर दोन. याहून चांगली वस्तू आपल्या गावोगाव आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही. विहिरीच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्यांकडे इन्सुलेशनचा दाबलेला पुठ्ठा असतो, त्याला ते प्रेसबोर्ड किंवा प्रेसपान म्हणतात. तो मुळातच विजेसाठी बनवलेला, उष्णता सोसणारा, चिवट आणि घडी घेणारा. मूळ पेटीच्या गुणांच्या जवळ जाणारं दुसरं काही मला तरी बाजारात माहीत नाही. दीड मिलिमीटरची शीट मिळाली तर डोळे झाकून घ्या. मोटारीच्या खाचांत घालतात तो लेदरॉइड पेपर मात्र एकट्याने पातळ पडतो. तो कोपऱ्यांना आतून पट्ट्या म्हणून लावायला उत्तम. खोक्यांचा नागमोडी पुठ्ठा फुकट मिळतो म्हणून वापरू नका, उंदराला तो घर वाटतो.

पुठ्ठ्याला आडवा-उभा पोत असतो. एक पट्टी कापून दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकते ती घडी पोताला समांतर. पेटीच्या लांब घड्या त्या दिशेला येतील असा फर्मा मांडा. घडी पाडताना कप्पा बोर्ड असेल तर घडीच्या बाहेरच्या अंगाला, स्टीलच्या पट्टीच्या आधाराने, कटरने अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्या आणि खाच उघडेल अशा बाजूने वाकवा. नंतर त्या खाचेवर बाइंडिंगचं कापड चिकटवा, नाहीतर काही महिन्यांत ती रेघ पूर्ण फाटते. प्रेसबोर्डला खाच नको. घडीच्या रेघेवर ओला फडका फिरवा, बोथट सुरीच्या पाठीने जोर देऊन रेघ दाबा आणि लाकडी पट्टीत धरून हळू वाकवा. सुकलं की ती घडी तशीच राहते.

कोपऱ्यांना जोडायला 20 ते 25 मिलिमीटरच्या पट्ट्या सोडलेल्या असतील. पांढरा फेव्हिकॉल इथे नको, पावसाळ्याच्या दमट हवेत तो सुटतो. चपला चिकटवायचं रबर सोल्यूशन, त्यातही उष्णतेला टिकणारं, दोन्ही अंगांना लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. त्यावर पिना. मूळ पेटीला जाड तारेच्या पिना असतात. तशा मारायचं मशीन छापखान्यात, नाहीतर खोक्यांच्या कारखान्यात असतं. नम्रपणे विचारलं तर चहाच्या पैशात मारून देतात. पिनेची वळलेली टोकं आतल्या बाजूला येऊ द्या, बाहेर नकोत, बाहेर वायरी आहेत. मशीन जमलं नाही तर चांभाराकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून घ्या. ती शिवण पिनेपेक्षा जास्त टिकते आणि दिसायलाही जुनी वाटते. पॉप रिव्हेट मी शेवटचा उपाय म्हणून सांगेन, आणि तेही दोन्ही बाजूंना वायसर घालून, नाहीतर पुठ्ठ्यातून खेचून बाहेर येतात. तसं केलं तर बाहेरच्या बाजूला त्यावर कापडी टेपचे दोन थर हवेतच.

स्क्रूंची भोकं जिथे येतात त्या कडेला आणखी एक पट्टी चिकटवून ती दुप्पट करा. पेटी फाटते ती बहुतेक या भोकांतूनच. पण जिथे झाकणाच्या कुलुपाची जीभ अडकते तिथे दुप्पट करू नका. तिथे दोन मिलिमीटर वाढले तरी झाकण डॅशबोर्डच्या पातळीत बसत नाही आणि लोक कुलूप बिघडलं म्हणून ते खोलायला लागतात.

रंगाआधी पुठ्ठ्याला पाण्यापासून वाचवायचं. सुताराकडचा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, पातळ करून दोन हात मारा. तो पुठ्ठ्यात मुरतो आणि पुठ्ठा कडक होतो. बाहेरून तेवढं पुरे. आतून मात्र चपडा उघडा ठेवू नका. तो उन्हाच्या तापाने मऊ होतो आणि ठेवलेले कागद त्याला चिकटतात. आतून त्याच्यावर मॅट काळा ऑइल पेंट, पातळ, दोन हात, आणि प्रत्येक हाताला पूर्ण दिवस वाळायला. होळीपासून आखाजीपर्यंतचे (अक्षय्य तृतीयेपर्यंतचे) दिवस या कामाला सोन्यासारखे. हवा कोरडी, पुठ्ठा ओल धरत नाही. जूनमध्ये काढलंत तर पुठ्ठा आधीच हवेतलं पाणी प्यायलेला असतो आणि रंगाखाली ती ओल कोंडते.

मखमल लावावी का, असंही तुम्ही विचारलंय. महागड्या मोटारींच्या खणात तसं मऊ अस्तर असायचं. ओझं वाहणाऱ्या ट्रकमध्ये मला ते शोभत नाही. शिवाय आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्या लवेत एकदा बसली की निघत नाही. जुन्या पेटीत कुठल्या तरी कोपऱ्यात मूळ पृष्ठभाग शिल्लक असेल. तिथे लव दिसली तर लावा, दिसली नाही तर काळा रंग पुरे. वस्तू खडखडू नयेत एवढंच हवं असेल तर तळाला जाड फेल्टचा एक सुटा तुकडा घाला. तो काढून झटकता येतो.

बसवताना दोन माणसं हवीत. पेटीची मागची भिंत आत चेपा, तिरपी करून तोंडातून आत सरकवा आणि आत गेल्यावर हाताने उघडा. वायरी आधीच बांधून घेतल्या असतील तर कुठे अडणार नाही. अडलीच तर ढकलू नका, खालून दुसऱ्याला हात घालून काय अडतंय ते बघू द्या. सगळे स्क्रू आधी सैल लावा, प्रत्येकाखाली वायसर घाला, मग आळीपाळीने आवळा. पुठ्ठा दबला की थांबायचं. एका बाजूने आवळत गेलात तर दुसऱ्या टोकाला भोक जुळत नाही आणि मग कोणीतरी पेचकसने भोक मोठं करायला लागतो.

अर्थ जोडण्याआधी वायपर हाताने हलवून बघा, हवेची झडप पूर्ण उघडून-मिटून बघा, पेटीला कुठे घासतंय का ते कान देऊन ऐका. मग अर्थ जोडा, दिवे लावा, हॉर्न वाजवा, आणि पाचेक मिनिटं तिथेच बसून वास घ्या. झाकणाच्या चौकटीत रबराची छोटी बटणं असायची, झाकण पत्र्यावर आपटू नये म्हणून. ती हमखास गळून गेलेली असतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला तरी चालतो, पण उंची जुळवून घ्या, नाहीतर झाकण एका कोपऱ्यात बाहेर राहतं.

खणात पाने, हातोडी, पाण्याची बाटली ठेवायची नाही, एवढं घरातल्या पोरांना बजावून ठेवा. त्यांच्यासाठी सीटखाली पेटी आहे. कागद, चष्मा, सुपारीची डबी, बल्बची एखादी जोडी, बस. जुनी उलगडलेली पेटी आणि ब्राउन पेपरचा फर्मा गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवा. याच मालिकेचा ट्रक असलेला कोणीतरी खानदेशात तुम्हाला आज ना उद्या भेटेल, आणि उजव्या स्टिअरिंगचा फर्मा त्याला दुसरीकडे सहजी मिळायचा नाही. पुठ्ठा कापण्याआधी कागदी पेटीचा खणात बसवलेला फोटो आणि मागून घेतलेला एक फोटो पाठवलात तर वायपरच्या दांड्याला जागा पुरेशी सुटलीय का ते बघून सांगतो.